दादांची खदान आणि काकांचं मत

परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात एक कपाट असतं. दार उघडलं की दह्याचे, आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे रिकामे डबे अंगावर कोसळतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. दही संपतं, डबा राहतो. आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या किश्शांचं तसंच झालंय. दर रविवारी सकाळी आम्ही पार्कात फिरायला म्हणून जमतो. फिरणं होतं पहिल्या बाकापर्यंत, आणि मग नुसते किस्से!

गंमत म्हणजे बहुतेक किस्से एकाच माणसाचे, आणि त्या माणसाला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. तो माणूस म्हणजे वसंतकाकांचे वडील. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, जणू शेजारच्या टाउनहाउसमध्येच राहतात. दादा इंग्रजांच्या काळात चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत, त्यांच्या भाषेत खदानीत, उतरले. तिथेच त्यांनी कामगारांची युनियन बांधली, जेलची हवा खाल्ली, आणि स्वातंत्र्यानंतर अपक्ष उभे राहून आमदार झाले.

वसंतकाका स्वतः इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. वय ऐंशीच्या पुढे, पाठ सरळ, आवाज खणखणीत. अमेरिकेतल्या एडिसनला लागून असलेल्या आमच्या छोट्या टाउनमध्ये मुलाकडे राहतात. ग्रुपमध्ये मी नागपूरचा, वैदेही पुण्याची आणि मंगेश मुंबईचा. तिघंही आयटीत, म्हणजे आठवडाभर स्क्रीनशी बोलणारे. रविवारी माणसाचा आवाज ऐकायचा असतो, आणि काका तो भरपूर पुरवतात.

* * *

काका अमेरिकेत आले त्या पहिल्याच दुपारचा किस्सा.

सूनबाईंनी घर दाखवलं, बेडरूम दाखवली, "बाबा, आता आराम करा," म्हणाल्या आणि खाली किचनमध्ये गेल्या. थोड्या वेळाने वरून ठक्‌ ठक्‌ आवाज. आधी बेडरूममध्ये, मग पॅसेजमध्ये, मग बाथरूममध्ये. धावत वर गेल्या, तर काका झाडूच्या दांड्याने सीलिंग ठोकत फिरतायत! चेहरा पांढराफटक.

"अगं सूनबाई, आख्खं घर पोकळ आहे! इथे झोपता कसे तुम्ही?"

इथली घरं लाकडी सांगाड्यावर ड्रायवॉल ठोकून बांधलेली. वाजवाल तिथे पोकळच वाजणार. पण काकांच्या घरात लहानपणापासून एक रीत होती. खाणीत कामाला बसण्याआधी डोक्यावरचं छत सळईने ठोकून बघायचं. टणक वाजलं तर बसायचं, बोदा, पोकळ आवाज आला तर मुकाट मागे सरायचं. दादांनी ही सवय घरी आणली, आणि पोरांनी उचलली.

काकांनी त्या दिवशी पलंग ओढून भिंतीला चिकटवला, छत पडलंच तर मधोमध पडेल म्हणून. तो आजही तिथेच आहे.

* * *

दादा तर आमदार झाल्यावरसुद्धा ठोकतच राहिले.

नागपूरला आमदार निवासात खोली मिळाली. आत शिरल्या शिरल्या दादांनी मच्छरदाणीची काठी उचलली आणि छत ठोकायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचे आमदार भडकून खाली आले. "काय चाललंय? आम्हाला झोपू देता की नाही?" दादा शांतपणे म्हणाले, "झोपा ना. आता बिनघोर झोपा. तपासलंय मी."

पण खरी मजा मंत्र्यांच्या दालनात. खाणकामगारांच्या मागण्या घेऊन दादा गेले. मंत्री म्हणाले, "बसा." दादांनी आधी छत्रीच्या टोकाने छत ठोकलं. मंत्री दचकले. "काय हो, पडेल की काय?"

"छत पक्कं आहे साहेब. सरकारचं मला सांगता येत नाही!"

मागण्यांचं काय झालं, असं मंगेशने विचारलं होतं. काका म्हणाले, "मान्य झाल्या. मंत्र्याले वाटलं, हा मानूस पुन्हा छत्री घेऊन आला तर?"

* * *

आता मुक्ताबद्दल सांगितलं पाहिजे. मुक्ता काकांची नात. जन्म इथला, नोकरी हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून. मराठी समजतं सगळं, बोलते मात्र अर्धं. लहानपणापासून झोपताना परीच्या गोष्टींऐवजी दादांच्या गोष्टी ऐकलेली पोर. पुढे हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या युनियनची ती प्रतिनिधी झाली, तेव्हा फक्त तिच्या आईबाबांना आश्चर्य वाटलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या फराळाला तिने जाहीर केलं, "मी नेक्स्ट यिअर टाउन कौन्सिलला उभी राहतेय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मात्र हातातली चकली परत ताटलीत ठेवली. कारण काकांकडे ग्रीन कार्ड. मत देता येत नाही! सिटिझनशिपचा विषय मुलाने पूर्वी कितीदा काढला होता, आणि काकांनी तितक्यांदा उडवून लावला होता. "दादा ज्या देशासाठी जेलात गेले, त्या देशाचा पासपोर्ट मी परत करू? काहून?" विषय तिथेच संपायचा.

फराळ संपता संपता काका मुलाला म्हणाले, "तो फॉर्म कुठे मिळतो?"

मुक्ताच्या निवडणुकीत मत द्यायचं. बस्स, एवढीच एक इच्छा. त्यासाठी मुलाखतीत पास व्हायचं होतं, शपथ घ्यायची होती, आणि मतदार नोंदणीची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकायचं होतं. इथल्या सरकारी कामाचा वेग तुम्हाला माहीत असेलच. आम्ही सगळे बोटांवर दिवस मोजत बसलो.

* * *

पार्कातल्या बाकावर मुलाखतीची प्रॅक्टिस सुरू झाली. वैदेही ऑफिसर. पुण्याची असल्यामुळे तिला आवाज बदलावा लागला नाही.

काकांचं इंग्रजी फर्स्टक्लास, अमेरिकेचा इतिहास तोंडपाठ. अडचण एकच. प्रश्न कुठलाही असो, उत्तर दादांपर्यंत जायचं!

"तुम्हाला कधी अटक झाली आहे का?" वैदेही.

"मला नाही. दादांना मात्र..."

"काका, येस ऑर नो!"

"नो. पण किस्सा ऐका तर खरं."

मग काय, ऐकला. दादांनी संप पुकारला आणि पोलीस इन्स्पेक्टर अटकेचं वॉरंट घेऊन खाणीच्या तोंडाशी आला. दादा होते खाली, पाळीवर. त्यांनी वर निरोप पाठवला, "माझी पाळी संपायची आहे. घाई असेल तर साहेबांनी खाली यावं." इन्स्पेक्टर इरेला पेटला. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, चकाचक बूट, आणि बसला डोलीत. डोली म्हणजे खाणीतली लिफ्ट. ती खाली गेली, अंधार झाला, वर कुठेतरी छताने कर्रर्र असा आवाज केला, आणि इन्स्पेक्टरने समोर जो हात लागला तो घट्ट धरला. तो हात दादांचा होता!

परत वर येईपर्यंत त्याने तो सोडला नाही. उजेडात आल्यावर दादाच म्हणाले, "साहेब, आता हात सोडा आणि बेडी घाला. लोक बघतायत."

वैदेही हसून हसून बाकावरून घसरायची बाकी होती. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, हे असं तिथे केलंत तर सिटिझनशिप पुढच्या जन्मी मिळेल."

* * *

खरी अडचण दुसऱ्याच प्रश्नात होती. कम्युनिस्ट पक्षाशी तुमचा कधी कुठल्याही प्रकारे संबंध आला आहे का, असं तिथे विचारतात.

वैदेहीने तो वाचला आणि काकांनी कागद मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

दादांच्या युनियनचा झेंडा लाल होता. त्याचा किस्सा आम्ही आधी ऐकलेला. संपाच्या पहिल्या दिवशी झेंड्याला बांबू मिळाला, जागा मिळेना, म्हणून दादांनी तो खाणीजवळच्या रेल्वेच्या फाट्यालगत रोवला. कोळसा न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने लांबून लाल झेंडा पाहिला आणि खच्चकन ब्रेक मारला! गाडी थांबली, मागे वॅगनी थांबल्या, कोळसा जागच्या जागी. भाषण व्हायच्या आधीच संप यशस्वी! ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "धोका कुठे आहे?" दादांनी मॅनेजरच्या बंगल्याकडे बोट दाखवलं. "तिकडे आहे. त्यांना जाऊन सांगा."

हे सगळं हसण्यासारखं होतं. पण त्या दिवशी काका हसले नाहीत.

"पुढे मोर्चे निघायचे, तेव्हा मी पोरगा होतो," ते म्हणाले. "झेंड्याचं एक टोक दादा मला धरायला द्यायचे."

"काका, पण दादा पक्षाचे मेंबर होते का?" मंगेशने विचारलं.

"नाही. ना तेव्हा, ना नंतर. त्यांचा पक्ष एकच, खदान."

"मग झालं तर! तुम्हीही मेंबर नव्हतात. सरळ 'नो' म्हणायचं."

त्या रविवारी मुक्ता ड्यूटी संपवून थेट पार्कात आली होती. तिने काकांचा हात धरला. "आबा, ते फक्त तुमच्याबद्दल विचारतायत. नॉट अबाउट हिम."

"तेच तर बाई," काका म्हणाले. "दादांना वजा करून माझ्याबद्दल विचारतात. मग उरतो काय मी?"

मला त्या क्षणी माझे नागपूरचे बाबा आठवले. वैदेहीने कागद मिटून पर्समध्ये ठेवले आणि आम्ही चक्क उठून फिरायला लागलो.

* * *

मुक्ताचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो आता आमच्या ग्रुपच्या मालकीचा झालाय. पण त्याची सुरुवात होते दादांपासून.

खाणीच्या मॅनेजरच्या ऑफिसात खुर्ची एकच होती. साहेब बसायचा, कामगारांनी उभं राहून बोलायचं. दादा पहिल्यांदा बोलणी करायला गेले आणि मांडी घालून खाली जमिनीवर बसले. मागोमाग सगळे बसले. साहेबाला टेबलामुळे कुणी दिसेना. आधी त्याने मान उंच केली, मग तो वाकला, शेवटी उठून टेबलाच्या अलीकडे आला. कामगार बसलेले आणि साहेब उभा!

मुक्ताच्या हॉस्पिटलमध्ये नर्सेसना एकेका पाळीत झेपणार नाहीत इतके पेशंट दिले जात होते. तक्रारी वाढल्या, तेव्हा मॅनेजमेंटने व्हिडिओवर मीटिंग बोलावली. सगळ्या नर्सेस म्यूट! बोलणार फक्त साहेब. साहेब होते कुठे? त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, कॉन्फरन्स रूममध्ये लॅपटॉप घेऊन एकटे.

मुक्ता म्हणाली, "चला." ज्यांची ड्यूटी संपली होती त्या सगळ्या वर गेल्या, दार उघडलं आणि एक शब्द न बोलता कार्पेटवर बसल्या. साहेब स्क्रीनकडे बघतायत तर सगळे चौकोन रिकामे, आणि खाली बघतायत तर माणसंच माणसं! ते उठून उभे राहिले. त्या दिवशी पेशंटच्या संख्येवर पहिल्यांदा नीट बोलणी झाली, आणि पुढे नियमही बदलला.

आम्ही काकांना फोन करून सांगितलं. आम्हाला वाटलं, म्हातारा रडणार. काका म्हणाले, "कार्पेट होतं म्हणता? मग चैन आहे पोरींची!"

आणि मग फोनवर नाक शिंकरल्याचा आवाज आला. रडत होतेच ते.

* * *

एक छोटा किस्सा मध्येच आठवला. विधानसभेत दादा बोलायला उभे राहिले की खिडक्या थरथरायच्या. एकदा अध्यक्ष वैतागून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी आवाज जरा खाली घ्यावा."

दादा म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आम्ही फार खालून आलोय. हळू बोललो तर वर ऐकू जात नाही!"

मुक्ताने याचं इंग्रजी करून आपल्या प्रचारात एका सभेत वापरलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला. वैदेही म्हणते, रॉयल्टी काकांना मिळायला पाहिजे.

* * *

मुलाखतीची तारीख आली ती ऑगस्टच्या अखेरची. नोंदणीच्या मुदतीत बसेल न बसेल अशी. मी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि काकांना ड्राइव्ह करून घेऊन गेलो. वाटेत काका फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा लावत बसले. मी दोनदा एसी कमी-जास्त केला, उगीचच.

काका आत गेले. मी बाहेर खुर्चीवर. माझ्यानंतर आलेल्या लोकांचे नातेवाईक बाहेर येऊन मिठ्या मारून गेले, तरी काकांचा पत्ता नाही. ग्रुपवर मंगेशचे मेसेज येत होते, "झालं का?" मी मनातून पार खचलो. म्हातारा आत किस्से सांगत बसला असणार!

शेवटी काका आले. चेहऱ्यावरून काही कळेना. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर सांगायला लागले.

ऑफिसर एक तरुण बाई होत्या. सगळं सुरळीत झालं. मग तो प्रश्न आला. काका म्हणाले, "नो." बाई पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, माझं उत्तर 'नो' आहे आणि ते खरं आहे. पण माझ्या वडिलांनी खाणीत लाल झेंडा लावला होता. मी लहानपणी त्याचं टोक धरलंय. त्याची मला लाज वाटत नाही, आणि ते तुमच्यापासून लपवायचंही नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना काय हवं होतं?"

"प्यायला पाणी. कामाचे ठरलेले तास. आणि अंगावर पडणार नाही असं छत."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. पक्ष होता का, कार्ड होतं का, तुम्ही मोठेपणी काय केलंत. काकांनी सगळं सांगितलं. इन्स्पेक्टरचा किस्सासुद्धा सांगितला! बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचे वडील म्हणजे चांगलीच डोकेदुखी असणार!"

काका म्हणाले, "येस मॅडम. ब्रिटिश गव्हर्नमेंट ऑल्सो सेड द सेम!"

"मग? पास की काय?" मी ओरडलोच.

"पास. काहून, तुला शंका होती?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. हॉर्न वाजला आणि पार्किंगमधले सगळे आमच्याकडे बघायला लागले.

* * *

शपथविधीच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. हातात छोटे झेंडे, फोटो, मिठ्या, सगळं यथासांग झालं. काका हसून फोटो देत होते, पण परतताना गाडीत हातातला छोटा झेंडा नुसता फिरवत बसले. आता भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार होता, आणि ते आम्हाला सगळ्यांनाच टोचत होतं.

मंगेशने हळूच विचारलं, "काका, वाईट वाटतंय का?"

"वाटतंय ना. खोटं कशाला बोलू?" मग म्हणाले, "पण बघा, दादा जन्माला आले इंग्रजांच्या राज्यात आणि गेले आपल्या देशात. एका जन्मात मानूस देश बदलू शकतो, हे त्यांनीच दाखवलं. फक्त त्यांनी जागेवर उभं राहून बदलला. मला विमान लागलं."

नोंदणीची मुदत संपायच्या आत काकांचं नाव मतदार यादीत लागलं. मुक्ताने त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम खिलवलं. डबे वैदेही घेऊन गेली.

* * *

आणि मग मतदानाचा दिवस.

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. काका सकाळीच तयार. कोट, मफलर, दाढी गुळगुळीत. मुक्ताची लढत चुरशीची होती. एकेका मतासाठी ती आठवडेच्या आठवडे दारोदार फिरली होती, आणि आवाज पार बसला होता. नियमाप्रमाणे दारापासून लांब, फुटपाथवर ती बोर्ड घेऊन उभी होती. आम्ही तिच्या शेजारी थर्मासमधला चहा पीत गारठत उभे.

काका आत गेले. आत बराच वेळ लागला. बाहेर आले ते छातीवर 'मी मतदान केलं'चा स्टिकर लावून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत. मुक्ताने बोर्ड मंगेशच्या हातात कोंबला आणि धावत गेली. बसलेल्या आवाजात म्हणाली, "आबा! कसं वाटलं? मला दिलंत ना?"

काका थांबले. मफलर नीट केला. नातीकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "मतदान गुप्त असतं."

"आबा! सीरियसली?"

"कुठल्याही उमेदवाराने मतदाराला असं विचारू नये," म्हणाले, आणि चहा घ्यायला आमच्याकडे आले.

मुक्ता निवडून आली. थोडक्यात, पण आली! जानेवारीत टाउन हॉलमध्ये तिने कौन्सिलरपदाची शपथ घेतली. आम्ही सगळे दुसऱ्या रांगेत, काका मध्ये. मुक्ता माइकपाशी आली, सगळ्यांचे आभार मानले, आणि काकांकडे हात करून इंग्रजीत म्हणाली, "हे माझे आजोबा. माझ्या निवडणुकीसाठी ते या देशाचे नागरिक झाले. त्यांनी मला मत दिलं की नाही, हे मला अजून माहीत नाही."

सगळा हॉल खो खो हसला. काका हसले नाहीत. ताठ बसून त्यांनी एकदा मान हलवली, आणि माझ्याकडे झुकून कानात म्हणाले, "तयार झाली पोरगी!"